जुने कौटुंबिक फोटो वारशाने आलेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार वर्षांपूर्वी आत्या गेली आणि तिची पत्र्याची ट्रंक माझ्या घरी आली. आत सहाशेच्या वर फोटो, तीन अल्बम, निगेटिव्हची पाकिटं आणि काचेची एक जड चौकट. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, त्यांच्या ओळखीचे विचारत असतात: आमच्याकडेही अशीच पेटी आहे, तिचं काय करू? त्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पेटी नुकतीच हाती आली आहे. सुरुवात कुठून करू?

माणसांपासून. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आजच फोन करा आणि याच आठवड्यात भेटायचं ठरवा. स्कॅनर, नवे अल्बम, डबे हे सहा महिन्यांनी आलं तरी चालतं. फोटो तेवढे दिवस थांबतात. नावं सांगणारं माणूस थांबेल याचा भरवसा नसतो. मी नेमकं उलटं केलं. पहिले आठ महिने स्कॅन करत बसले आणि त्याच काळात धाकटे काका गेले. त्यांच्या शाळेच्या ग्रुप फोटोत पस्तीस मुलं आहेत. स्कॅन इतका स्वच्छ आहे की शर्टाची बटणं मोजता येतात. मुलं मात्र मला त्यातली दोनच ओळखता येतात.

दुसरं, पेटीतला क्रम मोडू नका. काहीही उचलण्याआधी वरच्या थराचा, मग खालच्या थराचा, अल्बमच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एका पाकिटातले फोटो बहुधा एकाच रोलमधले असतात. त्यातल्या एकाची ओळख पटली की बाकीचे आपोआप उलगडतात. ‘साफसफाई’ म्हणून सगळं एकत्र केलं की हा धागा कायमचा तुटतो.

आजी-काकांना नावं विचारताना नेमकं काय करावं?

दुपारची झोप झाल्यावर, चहानंतर बसावं. पाऊण तासापेक्षा जास्त ताणू नये. फोटो टॅबवर किंवा टीव्हीवर मोठा करून दाखवावा, कारण सव्वादोन इंची फोटोत त्यांना काही दिसत नाही आणि तसं सांगायला ते संकोचतात. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण आधी विचारून.

‘हे कोण?’ हा प्रश्न शेवटी विचारा. नाव आठवलं नाही की माणूस खट्टू होतो आणि मग ‘आता काही लक्षात राहत नाही गं’ म्हणून फोटो बाजूला ठेवतो. त्याऐवजी ‘हा ओटा कुठला?’, ‘ही कुणाची मुंज?’, ‘हे लुगडं कुठल्या रंगाचं होतं?’ असं विचारा. माझ्या चुलत आजीला एका फोटोतल्या पाच बायकांपैकी एकीचंही नाव आठवेना. मागे भिंतीला टेकवलेलं पाट्याचं दगडी तोंड दिसलं तशी म्हणाली, “हा आमचा पाटा. म्हणजे हे चिपळूणचं घर. मग ही मधली बनूवन्सं.” पुढच्या दहा मिनिटांत पाचही नावं आली.

नाव लिहिताना किती तपशील लिहायचा?

भरपूर. आणि आपल्याकडे बायकांच्या नावांना जास्त जपावं लागतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव मागे पडायचं. माझी पणजी माहेरी दुर्गा, सासरी लक्ष्मी, आळीत माई आणि नातवंडांची मोठीआई. माहेरच्या अल्बमातली दुर्गा आणि सासरच्या अल्बमातली माई या दोन वेगळ्या बायका आहेत असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. म्हणून माहेरचं नाव-आडनाव, सासरचं नाव-आडनाव आणि हाक मारायचं नाव, तिन्ही लिहा.

पुरुषांच्या बाबतीत गोंधळ वेगळा असतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे एका घराण्यात एक पिढी सोडून एक गोविंद निघतो. वडिलांचं नाव लावल्याशिवाय ते वेगळे होत नाहीत.

नुसतं ‘मावशी’ किंवा ‘नाना’ लिहू नका. कुणाची मावशी? तुम्ही नसताना हे वाचणाऱ्याला ते कळणार नाही. शाळेच्या फोटोखाली असते तशी पद्धत सर्वांत सोपी: उभे, डावीकडून, खुर्चीवर, डावीकडून, खाली बसलेले. नाव कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं तेही लिहा, कारण दोन आत्या दोन वेगळी नावं सांगतातच. तेव्हा दोन्ही लिहावीत. निकाल लावायची घाई नको.

फोटोच्या मागे लिहिलं तर चालतं का?

बॉलपेनानं अजिबात नाही. दाब पुढून उमटतो आणि शाई कालांतराने पसरते. जुन्या कागदी कृष्णधवल फोटोवर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहावं. फोटो पालथा घालून काचेसारख्या कडक जागेवर ठेवावा. साधारण सत्तरच्या दशकापासूनच्या गुळगुळीत, प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही. त्या फोटोला मागे फक्त नंबर पुरे, तोही न पसरणाऱ्या शाईच्या बारीक पेनानं. बाकी मजकूर पाकिटावर आणि वहीत लिहावा. वही हवीच. मी दोनशे पानी साधी वही घेतली आहे. नंबर, नावं, जागा, साल, कुणी सांगितलं, एवढेच रकाने.

आधीपासून मागे काही लिहिलेलं असेल तर त्या बाजूचाही स्कॅन काढा. मोडी असेल तर ‘काहीतरी गिचमिड’ म्हणून सोडू नका. मोडी वाचणारे लोक आजही आहेत, वर्ग चालतात, आणि एका ओळीसाठी कुणी नाही म्हणत नाही.

साल कसं ओळखायचं?

हा माझा आवडता भाग. फोटोत आणि फोटोमागे बरंच काही सांगितलेलं असतं.

आधी मागचा शिक्का पाहा. स्टुडिओच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाला. ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर बहुधा १९८१ च्या आधीचा. त्या साली कुलाब्याचा रायगड झाला. रत्नागिरीतून सिंधुदुर्गही १९८१ मध्येच वेगळा झाला. पाकिटावर किंमत आण्यांत असेल तर साधारण १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी १ एप्रिलपासून दशमान नाणी आली. जुने शिक्के काही वर्षं तसेच वापरले जायचे, म्हणून या साली इकडेतिकडे थोडी जागा ठेवा.

पेटीत लग्नपत्रिका असेल तर सोनं सापडलं म्हणा. तिच्यावर बहुतेक वेळा शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. वैशाख शके १८७४ म्हणजे १९५२. पौष-माघातलं लग्न असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं.

फोटोच्या आतही पाहा. गांधी टोपी दिसली तर फोटो साधारण १९२० च्या पुढचा. दारात बजाज चेतक उभी असेल तर १९७२ किंवा नंतरचा. मुंबईच्या घरात टीव्ही दिसत असेल तर २ ऑक्टोबर १९७२ नंतरचा, कारण त्या दिवशी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. कपड्यांवर मात्र फार विसंबू नका. स्टुडिओत कोट भाड्यानं मिळायचा आणि आजी नऊवारी शेवटपर्यंत नेसत होती. माणसांचं वय जास्त भरवशाचं. कडेवरचं बाळ कोण हे कळलं की साल एका वर्षाच्या फरकानं हाती लागतं.

आमच्याकडे फार छोटे, चौकोनी फोटो आहेत. ते असे का?

बॉक्स कॅमेऱ्यांचे किंवा बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीचे असतील. १२० नंबरच्या (रुंद मापाच्या) फिल्मच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो यायचे आणि मोठे करायला पैसे लागतात म्हणून निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच मापात छापून घ्यायचे. निगेटिव्ह सापडली तर त्यातून कितीतरी जास्त तपशील निघतो.

अल्बममधून फोटो सोडवून घ्यावेत का?

अल्बम कुठला त्यावर आहे. काळ्या जाड पानांचा, फोटो कोपऱ्यांत खोचलेले आणि दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेला अर्धपारदर्शक कागद, असा असेल तर त्याला हात लावू नका. तो कुणीतरी बसून लावलेला आहे आणि तो क्रमच एक गोष्ट सांगतो. निखळलेले कोपरे परत बसवा, जाळीचा कागद फाटला असेल तर तिथे आम्लरहित पातळ कागद घाला.

ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम, ज्यांच्यावर प्लास्टिकचा पदर उचलून फोटो दाबायचे, ते मात्र फोटोंचे शत्रू. गोंद पिवळा पडून फोटोत उतरतो. त्यातून फोटो सोडवाच. कडेनं दात साफ करायचा धागा फोटोखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढत न्या. फोटो वाकवू नका, वाकवावं तर पान वाकवा. सुटत नसेल तर हट्ट नको. पानासकट स्कॅन करा.

चौकटीतला फोटो काचेला चिकटलाय. काढता येईल?

घरी नाही. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढलात तर चेहराच काचेवर राहील. काचेसकट स्कॅन करा किंवा दिवसाच्या तिरप्या उजेडात फोटो काढा आणि चौकट आहे तशी ठेवा. फोटो फार मोलाचा असेल तर संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते.

आजोबांच्या हार घातलेल्या फोटोबद्दलही सांगते. काचेवर गंध-कुंकू लावलं तर बिघडत नाही, पण ओलं फडकं चौकटीच्या कडेशी फिरवलं की पाणी आत जातं. पूजेसाठी भिंतीवर प्रत लावा, मूळ फोटो कपाटात असू द्या. आमच्याकडे यावर आधी थोडी कुरबुर झाली. आता प्रतीला हार घालताना कुणाला काही वाटत नाही.

पावसाळ्यात बुरशी येते. फोटो कशात आणि कुठे ठेवावेत?

माळ्यावर नको, कारण स्लॅब तापतो. पलंगाखाली नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको. आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा मधला कप्पा उत्तम. प्रत्येक फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात, पाकिटं उभी डब्यात. प्लास्टिक वापरायचंच तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं. उग्र वासाचं मऊ पीव्हीसी फोटोला चिकटतं. रबरबँड, यूपिन, सेलोटेप काढून टाका. रबरातलं गंधक चांदीला काळं करतं आणि कृष्णधवल फोटो चांदीचाच असतो. घरातलं चांदीचं भांडं जसं काळं पडतं, तसंच.

डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. निळी गुलाबी झाली की बदला. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर डबे उघडूच नका. नावं विचारायचं काम तेव्हा स्कॅनवर चालू ठेवता येतं.

बुरशी दिसली तर ओल्या कापडानं पुसू नका. तो फोटो वेगळा करा, कोरड्या हवेत पसरून वाळू द्या, मग मोकळ्या जागेत, तोंडावर मास्क बांधून मऊ ब्रशनं हळूच झाडा. डांबरगोळ्या टाळा. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेला असेल तर मलमलीत बांधून कपाटात ठेवा, पण फोटोंच्या डब्यात नाही. कसरीपासून खरं संरक्षण कोरड्या, स्वच्छ कपाटाचंच.

पुरात फोटो भिजले. आता?

वेळ कमी असतो, साधारण दोन दिवस. त्यानंतर बुरशी धरते. गठ्ठा भिजलेला असेल तर तो तसाच वाळू देऊ नका, फोटो एकमेकांना कायमचे चिकटतील. ओले असतानाच, थंड स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवून एकेक सोडवा, चिखल धुऊन जाऊ द्या, चित्राच्या बाजूला बोट लावू नका. मग टिपकागदावर किंवा स्वच्छ सुती कापडावर चित्र वर करून सावलीत वाळवा. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र नको. एवढे फोटो एकदम हाताळता येत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीनं थोडे थोडे काढा. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नका.

आमच्या एका अल्बमावर १२ जुलै १९६१ ची रेघ आहे. पानशेत फुटलं त्या दिवशी आमचं बिऱ्हाड पुण्यात नारायण पेठेत होतं. प्रत्येक पानावर खालून चार बोटांवर तपकिरी लाट आहे आणि तिच्याखालचे सगळे पाय पुसले गेले आहेत. आजीनं ती पानं एकेक करून दोरीवर वाळत घातली होती म्हणून वरचे चेहरे राहिले. ती रेघ स्कॅनमधून पुसून टाकू का असं भाच्यानं विचारलं तेव्हा मी नको म्हटलं.

निगेटिव्ह टाकून द्यायच्या का?

कधीच नाही. पण वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती फिल्म खराब व्हायला लागली आहे आणि शेजारच्या निगेटिव्हलाही बिघडवेल. ती वेगळी ठेवा आणि आधी स्कॅन करा. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काही फिल्म नायट्रेटच्या असायच्या. त्या चटकन पेट घेतात. कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल आणि फिल्म तपकिरी, चिकट झाली असेल तर उष्णतेपासून दूर ठेवून जाणकाराला विचारा.

आधी कुठले फोटो स्कॅन करावेत?

सगळ्यात जुने, असं उत्तर लोकांना अपेक्षित असतं. माझं उत्तर: सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत. नीट धुतलेला कृष्णधवल फोटो शंभर वर्षं सहज काढतो. त्या काळच्या रंगीत फोटोंचे रंग अंधारातसुद्धा उडतात, आधी निळा जातो आणि सगळी लग्नं लालसर होत जातात.

नेहमीच्या मापाच्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे स्कॅनरनं एका इंचात टिपलेले ठिपके), चिमुकल्या चौकोनीला १२००, निगेटिव्हला २४०० किंवा जास्त. मूळ फाइल टिफ या फॉरमॅटमध्ये ठेवा, पाठवायला जेपेग. फोटोची पांढरी कड कापू नका. मोबाइलनं काढले तरी चालतं, खिडकीशी, फ्लॅश बंद करून. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. दुकानात द्यायचे तर मोजून, यादीवर सही घेऊन द्या. मी एकदा यादीशिवाय दिले. परत आले तेव्हा पाच फोटो कमी होते आणि ते कुठले, हे मला सांगता आलं नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले आहेत, मग सुरक्षित झाले ना?

नाही. व्हॉट्सॲप फोटो बारीक करतं. पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि प्रती तीन हव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या भावाकडे. सीडीवर विसंबू नका.

ॲपनं फोटो रंगीत आणि स्पष्ट करून घेतला तर?

करा, पण वेगळ्या नावानं ठेवा आणि ‘यंत्रानं केलेला’ असं लिहा. ही ॲपं धूसर चेहरा स्पष्ट करत नाहीत, त्या जागी अंदाजानं नवा चेहरा काढतात. माझ्या पणजीचं लुगडं ॲपनं निळं केलं. चुलत आजी म्हणाली, हिरवं होतं, लाल काठांचं, बाळंतविड्यात आलेलं. दहा वर्षांनी ग्रुपवर निळंच फिरत राहिलं असतं.

भावंडांत फोटोंची वाटणी कशी करायची?

शक्यतो मूळ फोटो वाटू नका. पेटी एकाकडे, स्कॅन सगळ्यांकडे, आणि पेटी कुणाकडे आहे ते सगळ्यांना लेखी माहीत. कुणाचा एखाद्या फोटोत जीव अडकलेला असतो, आईचा लग्नातला किंवा असाच काही. तो त्यांना द्यावा आणि वहीत नोंद करावी. जो पेटी मागतो त्याच्यापेक्षा जो वही लिहील त्याच्याकडे पेटी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, भारतातल्या १९५७ च्या कायद्यानुसार काढून घेणाऱ्याचा असतो. घरगुती वापरात यावरून अडचण येत नाही.

एका फोटोतून एक व्यक्ती कापून काढली आहे. विचारावं का?

विचारावं, एकांतात, आणि उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारू नये. आमच्याकडे १९५४ च्या एका लग्नाच्या फोटोत ब्लेडनं कापलेली जागा आहे. लहान मुलीच्या खांद्यावर फक्त एक हात उरलाय, मनगटात चार बांगड्या. चुलत आजीनं दार लोटून घेतलं आणि सांगितलं. ती धाकटी जाऊ होती, विधवा झाल्यावर तिनं दुसरं लग्न केलं म्हणून घरानं तिला कापलं. मी तिचं नाव वहीत लिहिलं आहे, तिची दोन्ही आडनावं लावून.

जे ओळखूच येत नाहीत त्यांचं काय करायचं?

‘अनोळखी’ असं लिहिलेलं पाकीट करा आणि दर वर्षी एखाद्या लग्नकार्यात घेऊन जा. मूळ फोटो नव्हे, प्रती. पंगत उठल्यावर लोक निवांत असतात. चेहऱ्यापेक्षा घर, पडवी, विहीर दिसेल असे फोटो वर ठेवा. माझ्या पाकिटात एकशेचाळीस होते, आता एकशे एक आहेत. गेल्या मे महिन्यात एका मुंजीत नवऱ्याकडच्या एका बाईंनी, ज्यांचा आमच्या घराण्याशी काही संबंध नाही, एक प्रत हातात घेतली आणि म्हणाल्या, “हा आमच्या वाडीतला पार. आणि हे मास्तर आमच्याकडे जेवायला असायचे.” ते मास्तर म्हणजे आत्याचे सासरे निघाले. पेन्सिल माझ्या पर्समध्येच होती.